साखऱ्याच्या गाडीची अठ्ठावन्न मिनिटे

आगारातून आलेला लखोटा मी उघडला, आतल्या कागदावर माझेच हस्ताक्षर पाहिले आणि तो पुन्हा मिटून टेबलावर ठेवला. अर्जाच्या डाव्या समासात आगारप्रमुखांनी हिरव्या शाईने एक ओळ लिहिली होती : ‘वेळापत्रक तयार करणाऱ्या प्राध्यापकांकडे अभिप्रायासाठी.’ खाली सही साखऱ्याच्या एका बाईंची होती. बाकी ‘सविनय सादर करण्यात येते की’पासून ‘तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’पर्यंतची प्रत्येक ओळ मी, माझ्याच टेबलावर बसून लिहिली होती. तक्रार मी लिहिली होती, ती माझ्या कामाविरुद्ध होती, आणि ती खरी की खोटी हे सांगण्यासाठी आता माझ्याकडेच परत आली होती.

दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे घडले असते तर मी वर्गात विनोद म्हणून सांगितले असते. मी तो कागद वहीखाली सरकवला आणि दोन दिवस त्या वहीला हात लावला नाही.

मी हिंगोलीच्या एका महाविद्यालयात गणित शिकवतो. पंचविशीत संशोधन सुरू केले होते, तिशीत सोडून दिले. कारणे सांगत बसत नाही. ती ऐकायला बरी वाटतात, आणि म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास नाही. पन्नाशी उलटल्यावर एका कार्यक्रमात आगारप्रमुख माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी सहज, चहा पिता पिता विचारले, “सर, तुमच्या गणिताचा आमच्या गाड्यांना काही उपयोग होतो का हो?” त्यांनी ते थट्टेत विचारले होते. मला मात्र पंचवीस वर्षे त्याच प्रश्नाची वाट पाहत असल्यासारखे झाले.

जुने वेळापत्रक कोणी केलेले नव्हते, ते साचत गेले होते. एका गावाने मागितली म्हणून सव्वासातची फेरी, एका शाळेसाठी पावणेअकराची, कोण्या काळी एका चालकाला रात्री घरी पोचता यावे म्हणून सातची. मला ते अडगळीच्या खोलीसारखे वाटले. मी सुचवले की गाड्या दर तासाला त्याच मिनिटाला सोडाव्यात. कळमनुरीची गाडी दहाला, म्हणजे नऊ दहा, दहा दहा, अकरा दहा. माणसाने एक मिनिट लक्षात ठेवले की दिवस संपला. असे वेळापत्रक लोकांना सोपे असते. करणाऱ्याला मात्र अतिशय कठीण. प्रत्येक गाडी कुठल्या तरी दुसऱ्या गाडीला प्रवासी देते आणि तिसरीकडून घेते. कोणती गाडी कोणत्या मिनिटावर ठेवली म्हणजे सगळ्या प्रवाशांचा मिळून वाट पाहण्याचा वेळ सर्वांत कमी होईल, हा तो प्रश्न. शक्यता इतक्या असतात की एकेक करून तपासायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. संगणकही सहज सोडवत नाही. त्याला वाट दाखवावी लागते. ती वाट मला येत होती, निदान तरुणपणी येत होती.

आगारातल्या लोकांना समजावे म्हणून मी घरातली पितळी परात नेली. तिच्या कडेने खडूने साठ रेघा मारल्या आणि प्रत्येक गाडीसाठी एक चिंचोका ठेवला. पत्नी म्हणाली, “परत कधी येईल ती? पोळ्या काय तुमच्या पाठीवर लाटू?” मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत. परात तीन आठवडे आगारात राहिली. ते तीन आठवडे मी जितका आनंदात होतो तितका त्याआधी कित्येक वर्षांत नव्हतो, हे आज लिहिताना लाज वाटते.

कारण त्या तीन आठवड्यांतच दोन माणसांनी मला सावध केले होते.

पहिला होता साखरा मार्गावरचा वाहक. कोणत्या गाडीतून उतरलेला माणूस कोणत्या गाडीत चढतो, हे मला हवे होते. त्यासाठी मी तिकिटाच्या मशीनमधल्या नोंदी मागवल्या आणि त्यांवरून अंदाज बांधत बसलो. वाहक माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता. म्हणाला, “सर, यात पासवाले कुठं हायेत?”

“म्हणजे?”

“पासवाल्याचं तिकीट कुठं निघतं? पास दाखवला, बसला. मशीनला काय ठावं तो बसला म्हणून. माज्या गाडीत सकाळच्याला अर्धे पासवालेच असतेत. शाळेचे, कॉलेजचे, बाया.”

तो बरोबर होता, हे मला त्याच क्षणी कळले. उपायही कळला : आठवडाभर सकाळी स्टँडवर उभे राहून पासवाले मोजायचे. दिवस उन्हाळ्याचे होते. मी अतिशय मृदू आवाजात म्हणालो, “ते नंतर बघू या.” माझा आवाज मृदू आहे. त्यामुळे माझा आळस लोकांना सौजन्य वाटतो, आणि माझा नकार त्यांच्या लक्षातच येत नाही. वाहक ‘बरं सर’ म्हणून गेला. साखऱ्याकडून येऊन कळमनुरीकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या रकान्यात तिकिटांवरून काहीच दिसत नव्हते. तिथे मी शून्य लिहिले.

दुसरा माणूस स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक. सगळे त्याला चाचा म्हणत. वय माझ्याएवढेच, पण दाढी पांढरी, म्हणून चाचा. खिडकीतल्या त्याच्या खुर्चीवरून सगळे फलाट दिसत. गाडी सुटायची वेळ झाली की तो कागदाकडे बघत नसे, रस्त्याच्या वळणाकडे बघे. सेनगाव-साखऱ्याकडची गाडी वळणावर दिसली की हात वर करून कळमनुरीच्या चालकाला थांबवी. दोन मिनिटे, कधी पाच. मग शिट्टी. शिट्टीनंतर वारंगा फाट्यावरच्या माणसाला फोन : “निकली हय. चार मिनिट उशिरा. तुमी जरा धरून ठेवा.” फाट्यावर पुढची गाडी धरून ठेवली जाई. चालक कळमनुरीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर दोन मिनिटे भरून काढी. असा तो कारभार वर्षानुवर्षे चालला होता, आणि कुठेही लिहिलेला नव्हता.

परातीतले चिंचोके बघून चाचा म्हणाला, “प्रोफेसरसाब, बहोत बढिया. पण एक सांगू का? चिंचोका उशिरा येत न्हाई. गाडी येते.”

मी हसलो. अहवालाच्या शेवटच्या पानावर मी लिहिले, ‘नियंत्रकांनी व्यक्तिगत अंदाजाने गाड्या थांबवू नयेत. त्यामुळे वेळापत्रकाची नियमितता बिघडते.’ हे वाक्य मला त्या अहवालातले सर्वांत भारदस्त वाक्य वाटले होते.

नवे वेळापत्रक दिवाळीनंतर लागू झाले. वाट पाहण्याचा एकूण वेळ कागदावर चांगलाच घटला होता. आगारप्रमुखांनी शाल दिली. कळमनुरीची गाडी दहाला सुटू लागली. साखऱ्याची गाडी बाराला येऊ लागली. बारा ते पुढच्या तासाचे दहा, म्हणजे अठ्ठावन्न मिनिटे. संगणकाला कुठेतरी जागा करायची होती. जिथे कोणीच थांबलेले नाही असे मी त्याला सांगितले होते, तिथली अठ्ठावन्न मिनिटे त्याने बिनदिक्कत वापरली. त्याचे काही चुकले नाही.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी त्या बाई आमच्या घरी आल्या. दहा-बारा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होत्या; दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झाले आणि शिक्षण सुटले. आता दोन मुलांची आई. कळमनुरीतल्या एका केंद्रात परिचारिकेचा अभ्यासक्रम करत होत्या, शेवटचे वर्ष. दारातच चप्पल काढून म्हणाल्या, “सर, ओळखलं का? मागच्या बाकावर बसायची मी. तुमी म्हणायचे, मागून पण फळा दिसतो, फक्त मन पुढं पायजे.”

मला आठवले नाही. मी आठवल्यासारखे केले.

“अर्ज लिहून पायजे सर. गाडीचा. तुमचं अक्षर चांगलं, आन् तुमचं लिहिलेलं साहेब लोक वाचतेत.”

“कसला अर्ज?”

“कोणतं तरी नवं टाइमटेबल काढलंय मेल्यांनी. आमची साखऱ्याची गाडी फलाटाला लागायला आन् कळमनुरीची सुटायला एकच गाठ. डोळ्यांदेखत जाते सर. मागचा लाल दिवा दिसतो मला रोज. मग तासभर बसायचं. दहाला हजेरी असते, मी पोचते पावणेअकराला. तेवढ्याला अर्धा दिवस गैरहजर मांडतेत. हजेरी भरली न्हाई तर परीक्षेला बसू देत न्हाईत.”

पत्नीने चहा आणला. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मी बशीकडे.

“आधीची गाडी नाही का?” मी विचारले.

“सहाची हाय. पोरं उठायच्या आदी निघावं लागतं मग. महिनाभर तसंच केलं, तर धाकटं लेकरू शाळेतच जाईना. सासूबाई म्हणल्या, तू नर्स हो, पोरगं ढोरं वळू दे.” त्या हसल्या. “जीप असते, पण ती भरल्याबिगर हलत न्हाई. ती भरंस्तवर पुढची गाडीच लागते. आन् पास असून जीपला कुठून देऊ?”

तेव्हाच सांगायचे होते. ‘मेल्यांनी’ हा शब्द माझ्यासाठी होता, एवढेच म्हणायचे होते. मी पेन काढले आणि विचारले, “पूर्ण नाव कसे लिहिता?”

अर्ज मी फार काळजीपूर्वक लिहिला. इतका चांगला अर्ज मी आयुष्यात दुसऱ्या कोणासाठी लिहिला नसेल. प्रत्येक वेळ अचूक, प्रत्येक कारण क्रमाने. अपराधी माणसाची भाषा फार नीटनेटकी होते. बाईंनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि डोक्याला लावला. त्या गेल्यावर पत्नी एवढेच म्हणाली, “तिला माहीत असतं तर तिनं दुसऱ्याकडून लिहून घेतला असता.”

फेब्रुवारीत तो अर्ज माझ्याकडे अभिप्रायासाठी आला, ते मी आधी सांगितलेच.

दोन दिवसांनी मी परात पुन्हा खाली काढली. मनात असे होते की एक चिंचोका सहा रेघा पुढे सरकवायचा, अभिप्रायात ‘दुरुस्ती सुचवली आहे’ असे लिहायचे, आणि कोणाला काही न सांगता सगळे जागच्या जागी बसवायचे. कळमनुरीची गाडी दहाऐवजी सोळाला सोडली. साखऱ्याच्या बाईंना चार मिनिटे मिळाली. पण ती गाडी वारंगा फाट्यावर सहा मिनिटे उशिरा पोचली, आणि तिथली पुढची गाडी दोन मिनिटे आधी निघून गेली. म्हणजे इथे एका रकान्यातली अठ्ठावन्न मिनिटे उचलून मी तिथे दुसऱ्यांच्या पदरात टाकली होती. ती माणसे तिकीटवाली होती, संख्येने जास्त होती. मी फाट्यावरची गाडीही सरकवली. तिच्या पुढच्या गावी शाळेची गाडी चुकली. शाळेची गाडी सरकवली, तर ती परत येऊन सेनगावच्या गाडीला मिळेना. मग साखऱ्याचीच गाडी सहा मिनिटे आधी आणून पाहिली. तिच्या चालकाला टोकाला पाणी प्यायला वेळ उरेना.

असे हे गोल फिरत होते. कुठल्याही वाटेने निघून त्याच स्टँडवर परत आले की मिनिटांची बेरीज पूर्ण तासांतच यावी लागते. एक मिनिट कमी चालत नाही, एक जास्त चालत नाही. विद्यार्थ्यांना हे शिकवताना मला ते सुंदर वाटत असे. त्या आठवड्यात मी चिंचोके हलवत होतो आणि दर वेळी कोणीतरी नवा माणूस कुठल्यातरी फलाटावर उभा राहत होता, ज्याने अजून अर्ज लिहिला नव्हता. संगणकावरही चालवून पाहिले. शून्याच्या जागी मी एकदा वीस लिहिले, एकदा चाळीस. दर वेळी उत्तर बदले. तेव्हा लक्षात आले की मला तिथला आकडाच माहीत नाही, आणि तो माहीत करून घेण्याची वेळ मी मागच्या उन्हाळ्यात दवडली होती. एकदा रागाने परात भिंतीकडे ढकलली. चिंचोके कपाटाखाली गेले. पत्नी झाडू घेऊन आली आणि ते बाहेर काढून माझ्यापुढे ठेवले.

शेवटी मी स्टँडवर चाचाकडे गेलो. म्हणालो, “साखऱ्याच्या गाडीसाठी सकाळची कळमनुरी तुम्ही थांबवाल का? दोन-चार मिनिटे. पूर्वीसारखी.”

चाचाने ड्रॉवर उघडला आणि माझ्या अहवालाच्या शेवटच्या पानाची प्रत काढली. साहेबांनी ती परिपत्रकाला जोडून सगळ्या नियंत्रकांना दिली होती.

“हे कोणी लिवलं, प्रोफेसरसाब?”

“मी.”

“मग? थांबवली तर मेमो मला. सीटी माझ्या हातात हय, पण फुंक तुमच्या कागदाची लागते आता.” मग थोडे मऊ होऊन म्हणाला, “त्या बाईला मी रोज बघतो ना. पळत येते. मी तिकडं तोंड करून बसतो. तकलीफ होते.”

“मला बोलला असता तर.”

“बोललो ना. चिंचोक्याच्या टायमाला.”

दरम्यान त्या केंद्रात बाईंची हजेरी कमी भरत चालली होती. केंद्राने त्यांना सांगितले की गाडी उशिरा आल्याचा दाखला आणला तर विचार करू. त्या आगारात गेल्या. तिथल्या लिपिकाने नोंदवही काढून दाखवली. साखऱ्याची गाडी वेळेवर आलेली. कळमनुरीची वेळेवर सुटलेली. “ताई, कोणती गाडी उशिरा आली म्हणून दाखला देऊ? दोन्ही टायमात हायेत.” वेळापत्रकाप्रमाणे सगळे वक्तशीर होते. उशीर फक्त त्यांना झाला होता, आणि त्याची नोंद कुठल्याच वहीत होत नव्हती.

हे मला चाचाकडून कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या आधी मी स्टँडवर गेलो आणि फलाटाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. नऊ दहाला कळमनुरीची गाडी हलली. नऊ बाराला साखऱ्याची आत वळली. बाई पहिल्या उतरल्या, पिशवी छातीशी धरून चार पावले धावल्या आणि थांबल्या. रोजची सवय असल्यासारख्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. मी शेजारी जाऊन बसलो.

“सर? तुमी कुठं?”

“इथेच आलो होतो.”

त्यांनी पिशवीतून वही काढली. पाने कोपऱ्यांवर मऊ पडली होती. मधेच मुलाच्या शाळेत फोन करून तो पोचला का ते विचारले. मग भाकरीचा तुकडा खाल्ला, नळावर जाऊन तोंड धुतले, परत वही. हा तास त्यांनी खोल्या पाडाव्यात तसा वाटून घेतला होता. मी पहिल्यांदाच ती अठ्ठावन्न मिनिटे बसून काढत होतो. कागदावर त्यांचा आकार एका बोटाएवढा होता.

चाळीस-एक मिनिटे झाल्यावर मी म्हणालो, “तुम्ही ज्या वेळापत्रकाविरुद्ध अर्ज दिलात, ते मी केले आहे.”

“कोणतं?”

“हेच. ही गाडी दहाला सुटते ती माझ्यामुळे.”

त्यांनी वहीत बोट ठेवून वही मिटली. “तुमी तर गणित शिकवता.”

“त्याच गणिताने केले.”

त्यांनी समोरच्या रिकाम्या फलाटाकडे पाहिले. मग म्हणाल्या, “मग अर्ज काहून लिहून दिला, सर?”

मी म्हणालो, “सांगायची हिंमत झाली नाही.”

“आन् मी गावभर सांगितलं, आपल्या सरांनी लिहिला म्हणून. सासूबाई म्हणल्या, बघ, शिकलेल्या माणसाची माया.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरे वाटले असते. “जाऊ द्या. आता बदलून टाका ना. तुमीच केलंय तर तुमाला काय अवघड?”

“बदलता येत नाही. म्हणजे, तुमचे बदलले की फाट्यावरच्यांचे बिघडते.”

“केलेलं बदलता येत न्हाई आन् केलं मात्र?” त्या थांबल्या. “सर, आमी त्यात होतो का? करताना? आमचं काय धरलं होतं तुमी?”

मी खोटे बोलू शकलो असतो. “शून्य,” मी म्हणालो.

गाडी लागली. त्या उठल्या, आणि सवयीने, निघताना शिक्षकाला म्हणतात तसे, “येते सर” म्हणाल्या. मागे वळल्या नाहीत.

त्याच दिवशी मी दोन कागद लिहिले. एक आगाराला अभिप्राय : अर्जातील प्रत्येक विधान खरे आहे, दोष वेळापत्रक करणाऱ्याचा आहे, पासधारक प्रवासी मोजले गेले नाहीत हे त्याला ठाऊक होते, नियंत्रकांना पाच मिनिटांपर्यंत गाडी थांबवण्याचा अधिकार परत द्यावा आणि माझे ते वाक्य रद्द समजावे. दुसरा कागद केंद्राच्या प्राचार्यांना. तो मी स्वतः कळमनुरीला घेऊन गेलो. साखऱ्याहून त्या गाडीने येणाऱ्या कोणालाही दहाच्या हजेरीला पोचणे माझ्या वेळापत्रकानुसार अशक्य आहे, असे त्यात माझ्या सहीनिशी लिहिले होते.

प्राचार्यबाईंनी पत्र शांतपणे वाचले. म्हणाल्या, “सर, तुमचा प्रामाणिकपणा मी समजते. पण सवलत आजारपणाच्या दाखल्यावर मिळते. वेळापत्रकाच्या दाखल्यावर द्यायची तरतूद नाही. मी पत्र वर पाठवते.”

पत्र वर गेले. अभिप्रायही वर गेला. मी दर सोमवारी आगारात जाऊन विचारत होतो आणि दर सोमवारी मला खुर्ची, चहा आणि ‘प्रक्रियेत आहे’ हे उत्तर मिळत होते. माझ्या आयुष्यात मी कधी कोणावर ओरडलो नाही. त्या महिन्यात आगाराच्या आवारात, कडुनिंबाखाली, एकटाच असताना मी एकदा ओरडलो. समोर उभ्या रिकाम्या गाडीचा चालक काच खाली करून म्हणाला, “काय झालं सर? चुकली का?”

चौदा एप्रिलच्या सुट्टीनंतर आदेश आला. नियंत्रकांना पाच मिनिटांची मुभा, प्रायोगिक तत्त्वावर. तोपर्यंत केंद्राने हजेरीची अंतिम यादी लावली होती. बाई चार दिवसांनी कमी पडल्या. त्या वेळच्या परीक्षेला त्यांना बसू दिले नाही. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

मी त्यांच्या गावी गेलो नाही, तोंड नव्हते. त्याच स्टँडवर भेटल्या, कमी पडलेले दिवस भरून काढायला पुन्हा केंद्रात निघालेल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “सर, मी बसल्या बसल्या हिशेब केला. दोन मिनिटं चुकली की तास जातो. चार दिवस चुकले की सहा महिने. तुमचं गणित सगळीकडंच लागू हाय.”

इतकी वर्षे मी हे फळ्यावर शिकवत आलो. ठरावीक अंतराने फिरून येणाऱ्या गोष्टीत थोडक्यात चुकणे असे काही नसते. चुकले की संपूर्ण फेरा. वर्गात कोणाला ते नीट समजले असे मला कधी वाटले नव्हते. मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीला समजले, आणि ते समजण्यासाठी तिने काय दिले ते मला माहीत आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात मी रोज सकाळी आठ ते दहा स्टँडवर उभा असतो. हातात वही. साखऱ्याच्या, सेनगावच्या गाडीतून उतरणाऱ्या पासवाल्यांना विचारतो, कुठे जाणार, आणि रेघ मारतो. मागच्या उन्हाळ्यात मी ‘नंतर’ म्हटले होते, ते हेच. त्या मार्गावरचा तो वाहक जाता येता खोड काढतो : “सर, कॉलेजातून काढलं काय तुमाला? का आमच्या खात्यात लागले?” कोणी म्हणते जनगणनावाले आलेत. मी मृदू आवाजात हो म्हणतो. नवे वेळापत्रक पुढच्या वर्षी करायचे आहे. ते करू देतील की नाही, माहीत नाही. केले तर त्यातही कोणाची तरी अठ्ठावन्न मिनिटे असतील. निदान ती कोणाची आहेत हे मला आधी ठाऊक असेल.

आज सकाळी नऊ दहाला कळमनुरीच्या चालकाने गाडी सुरू केली. चाचाने खिडकीतून हात वर केला आणि तो तसाच धरून ठेवला. गाडी फलाटावर धडधडत उभी राहिली. आतून कोणीतरी ओरडले, “ओ चाचा, जावई येऊन राहिला का तुमचा?” चाचाने हात खाली घेतला नाही. वळणावर साखऱ्याची गाडी दिसली. बाई उतरल्या, माझ्या बाजूने गेल्या, माझ्याकडे बघितले नाही, आणि पायरीवर चढताना वाहकाला पास दाखवला. चाचाची शिट्टी वाजली. मी वहीत एक रेघ मारली आणि वेळ लिहिली. नऊ चौदा. माझ्या कागदाप्रमाणे ती गाडी चार मिनिटे उशिरा सुटली होती.